पुरातला पंखा अजून फिरतोय

'दुरुस्तीला नव्याएवढाच खर्च येतो, म्हणून लोक वस्तू टाकून देतात' हे वस्तूंच्या दुरुस्तीवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत गावभागात रस्त्याकडेला पंखे, मिक्सर, शिलाई मशिनी ढिगाने पडल्या होत्या. त्यातला एक छताचा पंखा मी उचलून आणला. (बायको म्हणाली, आपल्या घरातला चिखल कमी पडला होय?) खोलून गाळ धुतला, आठवडाभर उन्हात ठेवला, दोन बेअरिंगं आणि मोटर फिरायला लागणारा २.५ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर नवा घातला. वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, नशिबाने शाबूत होतं. आजही डोक्यावर फिरतोय, रेग्युलेटर तीनवर ठेवला की जरा कुरकुरतो एवढंच.

लेखात राहिलेली गोष्ट म्हणजे, खोलून बघणारा माणूसच आता सापडत नाही. आमच्या गल्लीतल्या वाइंडिंगवाल्या काकांचे हात थरथरतात, आणि पोरगा त्याच दुकानात मोबाईलची कव्हरं विकतो.