वंशद्वेष ‘नैसर्गिक’ असता, तर इतके कायदे कशाला लागले असते?

‘तान्हं बाळसुद्धा परक्याला पाहून रडतं. माणूस आपल्यासारख्यांतच रमतो. वेगवेगळ्या वंशांचे लोक एका देशात आणले की भांडणं होणारच. यात कुणाचा दोष नाही, हा निसर्ग आहे.’ अशा आशयाचा मजकूर हातोहात फिरतो आहे. त्यात थोडं खरं मिसळलेलं आहे, म्हणूनच तो पटतो. म्हणून एकेक विधान तपासू.

आधी बाळ. ते बिचकतं अनोळखी माणसाला. वंश वगैरे त्याच्या गावीही नसतं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात गोऱ्या नवजात अर्भकांनी कुठल्याही एका वंशाच्या चेहऱ्याकडे जास्त पाहिलं नाही. तीन महिन्यांच्या गोऱ्या बाळांची नजर मात्र गोऱ्या चेहऱ्यांवर अधिक रेंगाळली. पुढच्याच वर्षी इस्रायलमधल्या इथिओपियन कुटुंबांतली, दोन्ही वर्णांची माणसं नेहमी पाहणारी बाळं तपासली, तर त्यांच्यात हा कल दिसलाच नाही. म्हणजे सारी सवयीची गोष्ट. शिवाय नजर रेंगाळणं म्हणजे द्वेष नव्हे.

‘आपल्यासारख्यांतच रमतो’ हे अर्धं खरं आहे. हेन्री ताइफेल हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू मानसशास्त्रज्ञ. नाझी संहारात त्यांचं जवळजवळ सगळं कुटुंब गेलं. १९७०च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये त्यांनी शाळकरी मुलांना ‘तू क्लेची चित्रं आवडणारा, तू कांदिन्स्कीची’ असं सांगून दोन गटांत टाकलं. खरं तर ही वाटणी निव्वळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. तरी पैसे वाटायला सांगितल्यावर मुलांनी झुकतं माप आपल्याच गटाला दिलं. आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण दुसऱ्यांना त्याहून कमी मिळावं, हीही ओढ दिसली. गट पाडण्याची खोड आपल्यात आहे, हे मान्यच. पण रेघ चित्रांच्या आवडीवरूनही ओढता येते, तर ती कातडीच्या रंगावरून कुणी आणि कशासाठी ओढली?

याचं उत्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या कायद्यांत सापडतं. सतराव्या शतकात तिथल्या तंबाखूच्या मळ्यांवर करारबद्ध गोरे मजूर आणि काळे गुलाम बरोबरीने राबत, बरोबरीने पळूनही जात. १६६२मध्ये कायदा झाला की मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरेल. म्हणजे गुलाम स्त्रीला गोऱ्या मालकापासून झालेलं मूलही मालकाच्या मालमत्तेत जमा. १६७६मध्ये वसाहतीच्या गव्हर्नरविरुद्ध उठलेल्या बेकनच्या बंडात काळे आणि गोरे मजूर हातात शस्त्रं घेऊन एकत्र उभे राहिले. (त्या बंडाची सुरुवात मूलनिवासींवर हल्ले करण्याच्या मागणीतून झाली होती, तेव्हा त्याला बंधुभावाचा उत्सव समजू नये.) मळेवाल्यांना धडकी भरायला तेवढं पुरेसं होतं. १६९१मध्ये काळ्या किंवा मूलनिवासी व्यक्तीशी लग्न करणाऱ्या गोऱ्याला वसाहतीतून हद्दपार करण्याचा कायदा आला. १७०५च्या कायद्याने करार संपलेल्या गोऱ्या मजुराला मका, पैसे आणि बंदूक देऊ केली. गोऱ्या ख्रिस्ती मजुराला उघडं करून फटके मारायला दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागू लागला. गुलामांना यातलं काहीच नाही. गरीब गोऱ्याला थोडं वर उचललं की तो काळ्याच्या बाजूने उभा राहणार नाही, असा हा हिशेब. आंतरवंशीय लग्नांवरची बंदी या ना त्या स्वरूपात १९६७पर्यंत टिकली, तीही सर्वोच्च न्यायालयाने उठवली तेव्हाच गेली. लोक आपण होऊन एकमेकांशी लग्न करणारच नव्हते, तर ही बंदी कुणासाठी होती?

वेगळ्या वस्त्यांचंही तेच. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीत अनेक वर्णांचे, धर्मांचे लोक शेजारी राहत होते. १९६६मध्ये सरकारने तो भाग फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केला, साठ हजारांहून अधिक लोकांना तिथून उठवलं आणि घरांवर बुलडोझर फिरवले.

‘वेगळे लोक एकत्र आले की भांडणं’ म्हणणाऱ्यांनी रवांडाकडे बघावं. तिथल्या हुतू आणि तुत्सी या दोन गटांची भाषा एक, धर्म बहुतांशी एक, गावंही एकच. तिथे राज्य करणाऱ्या बेल्जियन सत्तेने १९३०च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर गट छापला. १९९४मध्ये रस्त्यारस्त्यांवरच्या अडथळ्यांपाशी तीच ओळखपत्रं पाहून माणसं मारली गेली. सुमारे शंभर दिवसांत अंदाजे आठ लाख.

त्या फिरणाऱ्या मजकुराची सर्वांत भक्कम बाजू त्यात नाहीच, ती मीच मांडतो. रॉबर्ट पुटनम या अमेरिकी अभ्यासकाला २००७मध्ये आढळलं की विविधता जास्त असलेल्या वस्त्यांत परस्परांवरचा विश्वास कमी असतो. इंग्लंडमधल्या बॉस्टनला थोड्या वर्षांत पूर्व युरोपातून पुष्कळ लोक आले, आणि २०१६च्या सार्वमतात तिथली सुमारे ७५ टक्के मतं युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने पडली. झपाट्याने होणारा बदल माणसाला अस्वस्थ करतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पुटनम यांनीच म्हटलं आहे की हा परिणाम सुरुवातीचा. पुढे नव्या, मोठ्या ओळखी तयार होतात. आणि जर्मनीत स्थलांतरितविरोधी पक्षाचा जोर पूर्वेकडच्या राज्यांत जास्त आहे, जिथे परदेशी लोकांचं प्रमाण पश्चिमेपेक्षा कमी आहे.

नुसत्या सहवासाने पूर्वग्रह जातो, असंही माझं म्हणणं नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४मध्येच त्यासाठी अटी सांगितल्या: दर्जा बरोबरीचा हवा, काम एकत्र करायचं हवं, उद्दिष्ट सामाईक हवं आणि कायद्याचा किंवा संस्थेचा पाठिंबा हवा. २००६मध्ये पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले गेले. अटी पूर्ण नसतानाही संपर्काने पूर्वग्रह बहुतेक ठिकाणी कमी झालेला दिसला, आणि अटी पाळल्या गेल्या तिथे तो अधिक कमी झाला.