सगळा मटेरिया कंट्रोलमध्ये घालू नका

काल रात्री मावसभावाचा फोन, "दादा, थोडे गिल उधार देतोस का?" गिल म्हणजे फायनल फँटसी फोर्टीन या ऑनलाइन गेममधले पैसे. आठवडाभर साठवलेलं सगळं त्याने एका संध्याकाळी मटेरियात, म्हणजे गियरमध्ये (कॅरेक्टरच्या कपड्या-अवजारांत) बसवून आकडे वाढवणाऱ्या खड्यांत, घालवलं होतं. का, तर हा गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की क्राफ्टरची (वस्तू बनवणाऱ्याची) लेव्हल 100 झाली की क्राफ्ट्समनशिप वाया, सगळा मटेरिया कंट्रोलचा घाला. मेल्डिंग (मटेरिया गियरमध्ये बसवणं) चारदा फसलं की पाचव्यांदा बसतंच. क्वालिटीचा बार अर्धा म्हणजे वस्तू एचक्यू (हाय क्वालिटी) होण्याचा चान्स 50 टक्के. बाकी सगळं नशीब.

पहिला दावा सगळ्यात घातक, कारण त्याच्यावरच लोकांचे गिल जातात. कॅरेक्टर विंडोत या दोन आकड्यांवर कर्सर ठेवा, गेमच सांगतो: क्राफ्ट्समनशिपने एका स्टेपला प्रोग्रेस किती वाढणार ते ठरतं, कंट्रोलने क्वालिटी किती वाढणार ते. आता ड्युरेबिलिटी बघा, म्हणजे वस्तू बिघडायच्या आत किती चाली करता येतात ते; प्रोग्रेस वाढवणारी चाल म्हणजे सिंथेसिस, क्वालिटी वाढवणारी म्हणजे टच. साध्या सिंथेसिसला 10 जाते आणि साध्या टचलाही 10च जाते, म्हणजे क्राफ्ट्समनशिप जराशी कमी पडून तीनाऐवजी चार सिंथेसिस लागले तर तुमचा एक अख्खा टच गेला, आणि इनर क्वाएटचे (टच मारत गेलं की साठणाऱ्या बोनसचे) 10 स्टॅक असतील तेव्हा तर एकेक टच दुप्पट क्वालिटी देत असतो, तो गेला तर वाढवलेल्या कंट्रोलचा काय उपयोग? त्यात प्रत्येक गियरवर प्रत्येक स्टॅटची, म्हणजे अशा आकड्याची, मर्यादा असते, तिच्या वर घातलेलं मोजलंच जात नाही. भावाच्या दोन तुकड्यांवर शेवटचा मटेरिया असाच फुकट गेलाय. आणि सीपीचं, म्हणजे चाली करताना खर्च होणाऱ्या पॉइंटांचं, तर मेसेजमध्ये नावही नाही! टच वाढवणाऱ्या ग्रेट स्ट्राइड्सला 32 आणि इनोव्हेशनला 18, आणि बायरगॉट्स ब्लेसिंग या टचला 24, म्हणजे शेवटच्या एका मोठ्या टचलाच 74 सीपी लागतात. ते उरले नाहीत तर कंट्रोल कितीही असू दे, तो टच मारता येत नाही.

पाचव्यांदा बसतंच हे साफ खोटं. ओव्हरमेल्डिंगला (ठरलेल्या जागांपेक्षा जास्त मटेरिया बसवताना) प्रत्येक वेळी चान्स स्क्रीनवर लिहिलेला असतो, आधी किती फसले याचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि फसलेला मटेरिया कायमचा जातो. भाऊ याच वाक्यावर विश्वास ठेवून एकामागून एक घालत बसला.

बारचंही चूक आहे. एचक्यूचा चान्स बारच्या बरोबरीने वाढत नाही, अर्ध्या बारला तो 50 टक्क्यांच्या बराच खाली असतो. तोही आकडा समोरच दिसतो, बघायचे कष्ट घ्या.

नशिबाचं मात्र थोडं मान्य करावं लागेल. कंडिशन (स्टेपगणिक बदलणारी वस्तूची अवस्था) गुड आली तर क्वालिटी दीडपट, एक्सलंटला चौपट, आणि ती कधी येईल ते आपल्या हातात नाही. पण स्टॅट नीट असतील तर रोजच्या रेसिपी एकही गुड न येता मॅक्रोवर (आधीच लिहून ठेवलेल्या चालींच्या यादीवर) पूर्ण एचक्यू होतात, हे कुठलाही नियमित क्राफ्टर दाखवून देईल.

आज भावाला ट्रायल सिंथेसिस (गेममधलाच सराव) लावून दिलं, त्यात माल खर्च होत नाही. एकेक गियर काढून तीच रेसिपी पुन्हा पुन्हा करायला लावली. कशाने कुठला आकडा हलतो ते त्याने स्वतः वहीत लिहिलंय. पुढचे गिल आले की आधी क्राफ्ट्समनशिप, चौथं सिंथेसिस लागणार नाही इतकी, मग सीपी, आणि उरलेल्या जागेत कंट्रोल.