काय उद्योग करून ठेवलास!

दर काही महिन्यांनी तिकडे महाराष्ट्रात तोच वाद पेटतो. कुणीतरी स्टेजवरून सांगतं की मराठी तरुणांनी नोकरी मागणारं नव्हे, नोकरी देणारं व्हावं, मग व्हॉट्सअ‍ॅपवर तट पडतात, कुणी म्हणतं धंदा आपल्या रक्तातच नाही, कुणी भांडवलाचं रडगाणं गातं, कुणी मधेच गुजराती-मारवाड्यांना ओढून आणतं, आणि शेवटी सगळे येऊन थांबतात ते एकाच शब्दावर. धाडस. ते म्हणे आपल्यात नाही.

मी जर्मनीत राहून हे वाचतो आणि जरा हसू येतं, कारण इथल्या लोकांइतकी जपून चालणारी माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत. आपल्या हातून दुसऱ्याची काच फुटली तर, म्हणून विमा. कोर्टात जावं लागलं तर, म्हणून विमा. आणि तरी इथे तीन-तीन पिढ्या चालणाऱ्या छोट्या कंपन्या गावोगाव आहेत. म्हणजे धाडस आणि धंदा यांचं गणित आपण समजतो तसं सरळ नसावं.

मुळात आंत्रप्रन्योर, म्हणजे उद्योजक, हा शब्द बघा, जो आपण आता शाळेच्या गॅदरिंगमध्येसुद्धा ऐकतो. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ काम अंगावर घेणारा, बस. जुन्या काळी राजाकडून किल्ल्याचं, पुलाचं काम ठरलेल्या रकमेत उचलायचं, वर खर्च झाला तर आपल्या खिशातून आणि उरले तर आपले, असा तो माणूस, म्हणजे सरळ भाषेत ठेकेदार. जर्मन 'उंटरनेमर'चा अर्थही तोच. इंग्रजीत अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथ याच माणसाला 'अंडरटेकर' म्हणायचा, आता त्या शब्दाने इंग्रज माणूस प्रेतं उचलणाऱ्याला बोलावतो, असो.

पण खरी गंमत रिशार कांतियोंची आहे. हा मूळचा आयरिश, पॅरिसमध्ये सट्ट्यावर गब्बर झालेला बँकर, १७३४ साली लंडनमध्ये घराला आग लागून मेला (खून झाला असाही संशय आहे) आणि त्याचं अर्थशास्त्रावरचं पुस्तक त्यानंतर २१ वर्षांनी, १७५५ साली छापलं गेलं. त्यात आंत्रप्रन्योर कोण तर ज्याचा खर्च ठरलेला आहे पण कमाई ठरलेली नाही तो. शौर्य वगैरे काही नाही त्यात. भिकारी आणि चोरसुद्धा त्याने याच वर्गात बसवलेत. आणि त्याचं पहिलंच उदाहरण कुणाचं तर शेतकऱ्याचं, जमीनदाराला खंड किती द्यायचा हे आधीच कबूल केलंय, पण पीक किती येणार आणि भाव काय मिळणार ते देवाला ठाऊक.

आता या व्याख्येने विदर्भातला कापूसवाला किंवा लासलगावचा कांदेवाला कुठे बसतो सांगा. जूनमध्ये बियाणं, खत, मजुरी सगळं रोख किंवा उधारीने घातलं, भाव कळणार काही महिन्यांनी, आणि कांदा असेल तर मधेच दिल्लीहून निर्यातबंदीसुद्धा येऊ शकते. दरवर्षी एवढी जोखीम घेणारा समाज आणि त्याला आपण ऐकवतोय की तुझ्यात धाडस नाही!

काही विद्वान मग संस्कृतीवर जातात, त्यांनाही मसाला भरपूर आहे. आपण धंद्यातल्या हिमतीला साहस म्हणतो, पण धर्मशास्त्रात साहस हा चक्क गुन्हा आहे, जबरदस्तीने उघड केलेली हिंसा किंवा लूट, १८ व्यवहारपदांपैकी (म्हणजे खटल्यांच्या प्रकारांपैकी) एक. दंडाच्या पायऱ्यांनासुद्धा तेच नाव, मनुस्मृतीत 'उत्तम साहस' म्हणजे १००० पण (जुनं नाणं) दंड. आणि घरात पोराने काही मोडलं की आई काय म्हणते, काय उद्योग करून ठेवलास. मग 'नसते उद्योग', 'काय धंदे चाललेत', ही सगळी आपली बोली. यावरून लोक निष्कर्ष काढतात की मराठी मनालाच उद्योगाचा संशय आहे. मला हे पटत नाही. भाषेत शोधायला गेलं की सगळंच सापडतं. आपल्याच पश्चिम किनाऱ्याच्या व्यापारात 'जोखमी हुंडी' होती, माल जहाजावर चढवून त्यावर हुंडी (पैसे उचलायची चिठ्ठी) काढायची, माल सुखरूप पोचला तर ते पैसे फेडायचे, बुडाला तर पैसे लावणाऱ्याचेही बुडाले. म्हणजे ज्याने पैसे लावले तो जोखमीत भागीदार. ही सोय करणाऱ्या लोकांना जोखीम कळत नव्हती असं कोण म्हणेल?

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रश्न छातीचा नाही, बुडाल्यावर काय होतं त्याचा आहे. ब्रिटनमध्ये १८५५ पर्यंत साध्या भागधारकाची जबाबदारी अमर्याद असायची, कंपनी बुडाली की घरदार गेलं. मग मर्यादित जबाबदारीचा कायदा आला, तेव्हाही लोक ओरडले की लबाडांची सोय होईल (थोडी झालीही). पण त्यानंतर पैसे लावणारे वाढले, आणि इंग्रज काही एका रात्रीत शूर झाले नव्हते.

आमच्या कोपऱ्यावर एक बेकरी होती, मालकाने दुसरी शाखा काढली, कर्ज काढलं, दोन्ही बुडाल्या. माणूस कोर्टात गेला, अर्ज केला, आता एका मोठ्या बेकरीत पगारावर काम करतो, सकाळी भेटला की पूर्वीसारखाच हवेच्या तक्रारी करतो. पगारातला ठराविक भाग त्याच्याकडे सुरक्षित राहतो, वरचं देणेकऱ्यांना जातं, आणि मुदत संपली की उरलेलं कर्ज माफ. ही मुदत पूर्वी ६ वर्षं होती, १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या अर्जांना ३ वर्षं केली. लाज वाटत नाही असं नाही, इथेही शेजारी कुजबुजतात. पण त्याच्या बायकोचे दागिने गेले नाहीत आणि कुणी दारात येऊन बसलं नाही.

तिकडे? दिवाळं हा शब्दच म्हणे दुकानात भरदिवसा दिवा लावून बुडाल्याचं जाहीर करायच्या चालीवरून आला, खरंखोटं देव जाणे, पण वृत्ती अजून तीच आहे. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड काढली तरी बँक डायरेक्टरची वैयक्तिक हमी मागते, वर वडिलांचा फ्लॅट तारण, म्हणजे 'लिमिटेड' हे फक्त पाटीवर. तारणाशिवाय कर्ज मिळावं म्हणून सरकारची हमी योजना २००० सालापासून आहे, ती मॅनेजरच्या गळी उतरवायची हाच एक वेगळा उद्योग. सप्लायरला दिलेला चेक परत गेला तर कलम १३८ खाली २ वर्षांपर्यंत तुरुंग होऊ शकतो. अशा वातावरणात पोरगा एमपीएससीच्या मागे लागला तर मी त्याला भित्रा नाही म्हणणार, त्याने हिशोब बरोबर केलाय.

आणि मग लोक किर्लोस्करांचं उदाहरण फेकतात. बरोबर, लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी म्हणायचे लोखंडाने जमीन विषारी होईल, गिऱ्हाईक मिळेना. पण १९१० मध्ये बेळगावातून हलावं लागलं तेव्हा औंधच्या राजांनी माळरान दिलं, मदत दिली, हा अर्धा भाग भाषणात गाळला जातो. कुणीतरी अर्धी जोखीम स्वतःकडे घेतली होती.

दिवाळखोरीचा नवा कायदा २०१६ मध्ये आला तेव्हा मला खरंच आशा वाटली होती. कंपन्यांचा भाग लगेच सुरू झाला, साध्या माणसांचा आणि भागीदारी धंद्यांचा भाग २०१९ मध्ये उघडला तोही फक्त कंपन्यांच्या कर्जाला हमी राहिलेल्यांपुरता, बाकीचे लटकलेलेच. गरिबांसाठी त्यात 'नवी सुरुवात' नावाची कर्जमाफी आहे, पण अटी वाचा, वर्षाचं उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत आणि कर्ज ३५,००० च्या आत. एवढ्या कर्जात आज वडापावची गाडीसुद्धा नीट उभी राहत नाही. पुढच्या वेळी स्टेजवरून कुणी धाडसावर बोलायला लागलं ना, तर खालून कुणीतरी या तीन आकड्यांबद्दल विचारा.