ग्राफिक्स कार्डाचं फर्मवेअर म्हणजे ड्रायव्हर नव्हे

गेले काही दिवस एक सल्ला सगळीकडे फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: ड्रायव्हरसारखंच ग्राफिक्स कार्डाचं फर्मवेअरही, म्हणजे व्हीबायॉस, दर काही महिन्यांनी अपडेट करा, एफपीएस (खेळात दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) वाढतात. मॉडेलचं नाव तेच असलं की कुठलीही फाइल चालते. वरच्या कार्डाची फाइल टाकली तर फुकटात वरचं कार्ड मिळतं. आणि काही बिघडलंच तर ड्रायव्हर पुन्हा टाका, की झालं. हे वाचून लोक चांगली चालणारी कार्डं बंद पाडताहेत, म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देतो.

‘दर काही महिन्यांनी अपडेट करा.’ मुळात दर काही महिन्यांनी नवं फर्मवेअर येतच नाही. ड्रायव्हर म्हणजे विंडोजला कार्ड वापरता यावं म्हणून टाकलेला प्रोग्राम, तो डिस्कवर असतो आणि नव्या खेळांसाठी सारखा बदलतो. फर्मवेअर कार्डावरच्या आठ पायांच्या छोट्या फ्लॅश चिपमध्ये असतं. चालू होताना कार्ड मेमरी कशी जागी करायची, किती व्होल्टेज घ्यायचं, पंखा कधी फिरवायचा, कुठलं पोर्ट कुठे आहे, हे सगळं तिथून वाचतं. बहुतेक कार्डं कारखान्यातून आलेल्या फर्मवेअरवरच आयुष्य काढतात, आणि त्यात काही वावगं नाही.

अपडेट येतं ते एखादा ठरावीक दोष काढायला. २०१८ मध्ये एनव्हीडियाने मॅक्सवेल आणि पास्कल या पिढ्यांच्या कार्डांसाठी एक टूल दिलं, कारण डिस्प्लेपोर्ट १.३ आणि १.४ च्या मॉनिटरवर विंडोज सुरू होईपर्यंत स्क्रीन काळी राहायची. २०२५ मध्ये आरटीएक्स ५०६० मालिकेत रीबूटनंतर काळ्या स्क्रीनचा त्रास झाला, तेव्हा पुन्हा अपडेट आलं, आणि ज्यांना तो त्रास होतोय त्यांनीच ते टाकावं असं कंपनीने स्वतः सांगितलं. बनवणाराच ‘गरज नसेल तर टाकू नका’ म्हणतोय, तिथे ऊठसूट अपडेट करायला सांगणारे कुठल्या आधारावर सांगतात?

‘एफपीएस वाढतात.’ वाढल्याची उदाहरणं आहेत, ती नाकारत नाही. जानेवारी २०२० मध्ये आरएक्स ५६०० एक्सटी बाजारात येता येता एएमडीने नवं फर्मवेअर दिलं. घड्याळाचा वेग आणि पॉवर मर्यादा वाढली, मेमरी १२ वरून १४ जीबीपीएसवर गेली, आणि फरक खरोखर दिसला. पण ते खुद्द कंपनीने त्याच कार्डासाठी केलेलं काम होतं. २०२१ च्या मार्चअखेरीस आरटीएक्स ३० मालिकेतल्या आधी बाजारात आलेल्या कार्डांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) मिळालं, तेही फर्मवेअरमधूनच. मात्र मदरबोर्ड, प्रोसेसर आणि ड्रायव्हर यांचीही साथ लागत होती, आणि फायदा काही खेळांत थोडा, काहींत शून्य. असं काही जाहीर झालेलं नसेल, तर नव्या आवृत्तीने वेग वाढेल ही आशा सोडा.

आता सगळ्यात घातक मुद्दा: ‘मॉडेल तेच असलं की कुठलीही फाइल चालते.’ नाही चालत. एकाच नावाच्या कार्डांवर वेगवेगळ्या कंपन्यांची मेमरी बसवलेली असते, सॅमसंग, मायक्रॉन, हायनिक्स. जीटीएक्स १०७० घ्या. सुरुवातीच्या कार्डांवर सॅमसंगची मेमरी होती, नंतर मायक्रॉनची आली, आणि २०१६ मध्ये त्या मायक्रॉनवाल्या कार्डांवर ओव्हरक्लॉक करताच, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवताच, चित्र फाटायला लागलं. कार्ड बनवणाऱ्यांना त्यासाठी नवं फर्मवेअर काढावं लागलं. नाव एक, चिप एक, तरी मेमरी बदलल्याने एवढा फरक. शिवाय दुसऱ्या ब्रँडच्या फाइलमध्ये पोर्टांची मांडणी वेगळी असते, पंख्याचा तक्ता वेगळा असतो. एखादं एचडीएमआय पोर्ट मुकं होतं, नाहीतर पंखा भलत्याच वेगाने फिरतो.

एनव्हीडिया कार्डांवर फर्मवेअर लिहिणारा प्रोग्राम, एनव्हीफ्लॅश, अशा वेळी सबसिस्टम आयडी (कार्ड नेमकं कुठलं ते सांगणारा क्रमांक) जुळत नसल्याचं सांगून थांबतो, आणि फिरणाऱ्या सल्ल्यात लिहिलेलं असतं की आज्ञेला ‘-६’ जोडा, मग पुढे जातो. ती सूचना अडथळा नाही हो, ती शेवटची राखण आहे.

‘फुकटात वरचं कार्ड.’ या गोष्टीचं मूळ २०१० च्या डिसेंबरमध्ये आलेल्या एएमडीच्या एचडी ६९५० मध्ये आहे. त्यातले १४०८ शेडर (चित्राचं गणित करणारे चिपमधले छोटे भाग) फर्मवेअर बदलून १५३६ करता यायचे, म्हणजे एचडी ६९७० एवढे. पुढच्या कार्डांत ते कायमचे बंद केले जाऊ लागले. नंतरच्या कार्डांत एनव्हीडिया आणि २०१७ च्या व्हेगा कार्डांपासून एएमडी फर्मवेअरची डिजिटल सही, म्हणजे फाइल कंपनीची आणि न बदललेली असल्याची खूण, तपासतात, त्यामुळे फाइल उघडून आकडे वाढवण्याचा मार्ग जवळजवळ बंद झाला. उरतं ते दुसऱ्या कार्डाची सही असलेली, जास्त पॉवरची फाइल टाकणं. फाइल बदलली म्हणून कार्डावरचे पॉवर फेज (चिपला वीज पुरवणारे भाग) वाढत नाहीत, हीटसिंकही मोठा होत नाही.

‘बिघडलं तर ड्रायव्हर पुन्हा टाका.’ माझ्या एका मित्राने मॉडेलचं नाव बघून फाइल टाकली. संगणक चालू केला तर पंखा फिरतोय, दिवे लागलेत, स्क्रीन मात्र काळी. जुनी प्रत त्याने ठेवली नव्हती. नशिबाने कार्डाच्या कडेला दोन बायॉसचं, म्हणजे फर्मवेअरच्या दोन प्रतींतली एक निवडायचं, स्विच होतं. संगणक बंद करून ते नखाने दुसऱ्या बाजूला सरकवलं, तशी स्क्रीन उजळली. त्या चांगल्या बाजूची प्रत काढून घेतली, संगणक चालू असतानाच स्विच मागे सरकवलं आणि ती बिघडलेल्या बाजूवर लिहिली. लिहिणं किती झालं ते दाखवणारी पट्टी हळूहळू भरत होती तेव्हा दोघंही बोलत नव्हतो. यात ड्रायव्हरचा काहीच संबंध आला नाही.

स्विच नसेल तर मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला किंवा दुसऱ्या कार्डाला लावून फर्मवेअर पुन्हा लिहून (फ्लॅश करून) बघता येतं. तेही जमलं नाही तर चिपला क्लिप लावून प्रोग्रामर नावाच्या उपकरणाने लिहावं लागतं, आणि बऱ्याच नव्या कार्डांच्या चिपा १.८ व्होल्टच्या असतात, ३.३ व्होल्ट देणारा साधा प्रोग्रामर थेट लावला तर चिपच जायची.

म्हणून तुमच्या कार्डाला खरोखर एखादा दोष असेल आणि त्यावर कार्डाच्या कंपनीने फर्मवेअर दिलं असेल, तरच हात घाला. आधी जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममधून सध्याच्या फर्मवेअरची प्रत काढा आणि पेनड्राइव्हवर ठेवा. त्याच जीपीयू-झेडमध्ये मेमरी कुणाची आहे तेही दिसतं. लॅपटॉप असेल तर वेगळी फाइल शोधूच नका. तिथलं व्हीबायॉस बहुधा लॅपटॉपच्या बायॉसमध्येच असतं आणि त्याच्याच अपडेटमधून येतं.