माघारीचा शेवटचा दिवस

आमच्या नाशिकच्या पाथर्डी फाट्याकडे महापालिकेची निवडणूक आली की आधी मिसळीचं आमंत्रण येतं, मग उमेदवार. २०१७ ला निवडलेल्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, मग प्रशासक. मागच्या नाल्याला कोणी वाली उरला नाही (आधीही नव्हता म्हणा). चार जणांचा प्रभाग, म्हणजे चार मतं. चारही 'नोटा'ला, हे माझं ठरलेलं.

यंदा एक निवृत्त शिक्षिका अपक्ष उभ्या राहिल्या. ढोल नाही, गाड्या नाहीत. चपला दाराबाहेर काढून आत आल्या, वहीत लिहून घेतलं. आमच्या लायनीत पाणी किती वाजता येतं, हे मी सांगायच्या आत त्यांनीच सांगितलं! २०१४ नंतर बूथकडे न फिरकलेले आमचे बाबा कपाटात मतदान कार्ड शोधायला लागले.

आणि माघारीच्या शेवटच्या दिवशी दुपारी बाईंचा अर्ज मागे. संध्याकाळी गळ्यात पक्षाचा गमछा, हसरा फोटो. गेल्या खेपेला एका तरुण डॉक्टरनेही डिट्टो हेच केलं होतं. अहो, बसायचंच होतं तर आमच्या म्हाताऱ्याला कशाला उठवलंत? कार्ड अजून टीव्हीवर पडलंय, आणि ते उचलून ठेवायला बाबा तयार नाहीत.