आमच्या घरात डॉल्बी आहे

कोल्हापुरात "घरी डॉल्बी बसवलाय" हे वाक्य जरा जपून बोलावं लागतं. आमच्याकडं डॉल्बी म्हणजे मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत, छातीत धडधड, थरथरणाऱ्या काचा, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात कुठल्या कुठल्या मंडळांवर गुन्हे दाखल झाले त्याची यादी. गणपती जवळ आले की 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सव' म्हणून बैठका सुरू होतात. त्यामुळं जूनमध्ये आमच्या फ्लॅटमध्ये होम थिएटरची खोकी चढायला लागली तेव्हा शेजारच्या काकूंनी दारातूनच विचारलं, "अगं, तुझे बाबा हार्टपेशंट ना?"

गंमत बघा. रे डॉल्बी या माणसानं 1965 साली लंडनमध्ये कंपनी काढली ती आवाज वाढवायला नव्हे, टेपवर गाण्यामागं जी 'स्स्स' अशी खरखर यायची ती घालवायला. त्याचंच नाव आपण गोंगाटाला चिकटवलं. काकूंना हे सांगण्यात अर्थ नव्हता. चहा दिला आणि विषय बदलला.

पोस्ट लिहायचं कारण म्हणजे मागं फोटो टाकला तेव्हापासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतोय : "रिसीव्हर कुठला घेऊ? किती वॅटचा?" (रिसीव्हर म्हणजे टीव्ही-प्लेअरचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरना वाटणारं आणि त्यांना ताकद देणारं खोकं.) मी साउंड इंजिनियर नाही, बँकेत नोकरी करते. पण या नादात दोनदा पैसे घातलेत, एकदा डोळे मिटून आणि एकदा उघडे ठेवून. वॅटचा प्रश्न शेवटी विचारा, किंवा विचारूच नका. त्याऐवजी दोन गोष्टी विचारा. आवाज रिसीव्हरपर्यंत कुठल्या वायरीनं येणार? आणि तुमच्या हॉलप्रमाणं तो जुळवून कोण देणार?

पहिला रिसीव्हर सात वर्षांपूर्वी घेतला. दुकानात मी प्रश्न विचारत होते आणि दुकानदार उत्तरं माझ्या नवऱ्याला देत होता. नवऱ्याचं लक्ष खाली नो पार्किंगमध्ये लावलेल्या गाडीकडं. दुकानदार खोक्यावर थाप मारून म्हणाला, "सर, 145 वॅट पर चॅनेल. सोसायटी हलंल." आम्ही उचलला. घरी आल्यावर बारीक अक्षरं वाचली. ते 145 वॅट एकच चॅनेल (म्हणजे एकाच स्पीकरची वाट) चालू असताना, 6 ओहमवर (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा), एकाच सुरात आणि आवाज 10 टक्के बिघडलेला चालवून घेऊन मोजलेले. खरी ओळ त्याच्या खाली होती : 8 ओहम, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ (कानाला ऐकू येणारे सगळे सूर), दोन चॅनेल चालू, 80 वॅट. आमच्या लहानपणी दिवाणखान्यात जो डेक असायचा त्यावर 'पीएमपीओ' म्हणून हजारांत आकडे छापलेले असायचे, हा त्यांचाच नातू.

आणि 80 काय, 100 काय, कानाला फरक जवळपास शून्य. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो 3 डेसिबल, म्हणजे 'हं, जरा वाढला' इतकाच. 80 आणि 100 मधला फरक तर एका डेसिबलचा. साध्या फ्लॅटच्या हॉलमध्ये बसून सिनेमा बघताना स्पीकर बहुतेक वेळ एक-दोन वॅटवरच चाललेला असतो, जास्तीची ताकद लागते ती स्फोटाच्या क्षणाला. त्याऐवजी स्पीकर घेताना त्याची सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये तो किती मोठा वाजतो. 85 ऐवजी 88 डेसिबलचा स्पीकर घेतला, तर रिसीव्हरचे वॅट दुप्पट केल्याचं काम तो फुकटात करतो.

आता माझ्या मूर्खपणाची गोष्ट. त्या पहिल्या रिसीव्हरबरोबर मी हौसेनं ब्लू-रे प्लेअर घेतला. सगळे म्हणत होते की डीव्हीडीवरचा आवाज दाबलेला असतो, ब्लू-रेवर मात्र स्टुडिओत मिक्स झाला तसाच्या तसा, काही न गाळता मिळतो. खरंय ते. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ ही त्या न गाळलेल्या आवाजाची दोन नावं. जोडणी करायला दुकानातला पोरगा आला. टीव्ही आधीच भिंतीवर होता, त्यानं प्लेअर टीव्हीला जोडला आणि टीव्हीतून एक बारीक काळी ऑप्टिकल वायर रिसीव्हरला आणली. टोकाला लाल उजेड दिसतो ती. मला ती फार भारी वाटली. उजेडातून आवाज!

दीड वर्ष मी ते ऐकलं. पाहुण्यांना ऐकवलं. "हा एचडी साउंड बरं का," असं सांगून ऐकवलं.

मग एका रविवारी पुसायला म्हणून रिसीव्हर पुढं ओढला आणि त्याच्या छोट्या निळ्या पट्टीवरची अक्षरं पहिल्यांदा नीट वाचली. डॉल्बी डिजिटल. नुसतं तेवढंच. डिस्कच्या पाठीवर छापलेलं ट्रूएचडी पट्टीवर कधी आलंच नव्हतं. ऑप्टिकल वायर दोन चॅनेलचा साधा आवाज नेते, नाहीतर जुन्या पद्धतीचा दाबलेला 5.1 (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे खालच्या घुमणाऱ्या आवाजाचा डबा). ट्रूएचडी त्यातून जातच नाही. मोठ्या पाइपला मी सलाइनची नळी जोडून बसले होते. उपाय काय, तर प्लेअरची एचडीएमआय वायर टीव्हीतून काढून सरळ रिसीव्हरला लावायची आणि रिसीव्हरमधून दुसरी टीव्हीला न्यायची. चार-पाचशे रुपयांची एक वायर. पट्टीवर ट्रूएचडी उमटलं तेव्हा मी एकटीच घरात होते, कुणाला सांगणार!

म्हणून रिसीव्हर निवडताना आधी तो फिरवून पाठीमागची बाजू बघा. एचडीएमआयच्या किती जागा आहेत, आणि टीव्हीकडं जाणाऱ्या जागेवर 'ईएआरसी' लिहिलंय की नुसतं 'एआरसी'. सगळं बघणं टीव्हीतल्याच ॲपवर असेल तर आवाज टीव्हीतून उलटा रिसीव्हरकडं यायला हवा, त्याचा हा रस्ता. साध्या एआरसीतून ट्रूएचडी येत नाही, ईएआरसीतून येतो, पण टीव्ही आणि रिसीव्हर दोघांकडं ती सोय पाहिजे. टीव्हीवर बहुतेक वेळा एकाच खोबणीत ती असते, त्यामुळं वायर शेजारच्या खोबणीत घालून "चालत नाही" म्हणून दुकानात जाऊ नका. (हेही केलंय.)

इथंच एक खरं सांगून टाकते, विकणारे सांगत नाहीत ते. तुम्ही फक्त ओटीटी बघणार असाल तर तो न गाळलेला आवाज तुमच्या घरी येतच नाही. नेटफ्लिक्सचा ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज आणणारा डॉल्बीचा प्रकार) घ्या, जास्तीत जास्त सेकंदाला 768 किलोबिट. ब्लू-रेवर ट्रूएचडीला 18 हजार किलोबिटपर्यंत जागा असते. ओटीटीचा आवाज वाईट असतो असं मी म्हणत नाही, मला स्वतःला बऱ्याचदा फरक कळत नाही. पण डिस्क घेणारच नसाल तर 'एचडी ऑडिओ' या शब्दापायी दहा-वीस हजार जास्त मोजू नका. ते सेंटर स्पीकरवर घाला.

सेंटर स्पीकर म्हणजे टीव्हीच्या खाली आडवा ठेवतात तो. सिनेमातले जवळजवळ सगळे संवाद त्यातून येतात. लोक पुढचे दोन उंच, देखणे टॉवर घेतात आणि सेंटरला उरल्यासुरल्या पैशांत काहीतरी. मग आमच्या बाबांसारखी तक्रार येते : "गोळ्या ऐकू येतात, माणसं ऐकू येत नाहीत." बाबा 76 वर्षांचे. गोळीबार सुरू झाला की रिमोट खाली, बोलायला लागले की वर, असा त्यांचा रात्रभर व्यायाम चालायचा. जुना रिसीव्हर गेल्या वळवात वीज कडाडली तेव्हा जळाला (तेव्हापासून पाऊस आला की मी आधी प्लग काढते, मग वाळत घातलेले कपडे), आणि नवा घेताना मी ठरवलं की या खेपेला बाबांच्या कानांचा विचार करून निवड करायची.

अमेरिकेतल्या मावसभावाचा लगेच फोन. "ताई, इथं सेल लागलाय, येताना घेऊन येतो." माया आहे त्याची, पण तिथला रिसीव्हर 120 व्होल्टचा, आपल्या भिंतीत 230. सरळ लावला तर धूर. मध्ये दणकट ट्रान्सफॉर्मर ठेवायचा, तो गुणगुणणार, आणि बिघडला की इथं वॉरंटी नाही. त्याला म्हटलं, तू ये, रिसीव्हर राहू दे.

कंपनीवरून फार भांडू नका. डेनॉन, यामाहा, मरांट्झ, सोनी, सगळ्यांचे मधल्या किमतीतले रिसीव्हर एकमेकांच्या तोडीस तोड आहेत. मी बघितलं ते एवढंच की गावात किंवा निदान पुण्यात सर्व्हिस सेंटर आहे का. ऑन्क्योसारखं जुनं जपानी नाव, त्यांची होम एंटरटेनमेंट कंपनी 2022 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि नाव दुसऱ्यांच्या हातात गेलं. यंत्रं अजून चांगली निघतात म्हणे, पण माझ्यासारख्या बँकवालीला असल्या बातमीनं झोप लागत नाही. नऊ आणि अकरा चॅनेलच्या मागं लागू नका. छतावरून पाऊस पडल्यासारखा ॲटमॉस हवा असेल तर आधी मान वर करून बघा, तिथं पंखा आहे. आमच्या 11 बाय 15 च्या हॉलमध्ये नीट लावलेले 5.1 भरपूर झाले.

माझ्या लेखी रिसीव्हरचे निम्मे पैसे ज्या गोष्टीचे असतात ती खोक्याच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत असते. लांब वायरीचा छोटा माइक. डेनॉन-मरांट्झवाले त्या कामाला ऑडिसी म्हणतात, यामाहावाले वायपाओ, काही महाग यंत्रांत डिरॅक असतं. काम एकच. स्पीकर किती लांब आहे, फरशी आणि काचा कुठला सूर फुगवतात ते मोजायचं आणि त्याप्रमाणं आवाज दुरुस्त करायचा. आपल्या घरांत हे फार लागतं, कारण खाली व्हिट्रिफाइड टाइल, समोर काचेचं कपाट, पडदे पातळ. टाळी वाजवली तर हॉल उलट टाळी देतो.

आम्ही हे रात्री अकरानंतर केलं. पंखा बंद, फ्रिज बंद, बाबांना आत पाठवलं. मुलीच्या फोनच्या तिपाईवर माइक बसवला, बरोबर बाबांच्या कानाच्या उंचीला. हातात धरायचा नाही, सोफ्याच्या पाठीवरही ठेवायचा नाही. मग एकेका स्पीकरमधून 'ट्युईऽऽप, ट्युईऽऽप'. माइक दोन फूट सरकवायचा, परत तेच. आठ जागा. पाचव्या जागेला बाबा आतून शिंकले आणि ते सगळं मोजमाप परत.

निकाल आला त्यात सबवूफर पाच मीटर लांब आहे असं लिहिलेलं. मोजायची टेप लावली तर तीन मीटर. चुकलं म्हणून आकडा बदलू नका. सबवूफरच्या आतल्या सर्किटमध्ये आवाजाला जो उशीर होतो तो यंत्र अंतरात धरतं. हां, एक मात्र हातानं बघा. छोट्या स्पीकरना यंत्र कधी कधी 'लार्ज' ठरवून टाकतं. ते 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर (जिथून खालचे सूर सबवूफरकडं जातात ती हद्द) 80 हर्ट्झवर ठेवा, म्हणजे खालचा घुमणारा आवाज सबवूफर उचलेल आणि लहानांच्या जिवावर येणार नाही. बाबांसाठी सेंटर तीन डेसिबल वर केला, आणि रात्रीपुरतं ते स्फोट आवरून धरणारं सेटिंग चालू ठेवलं.

वायरीचं पटकन. दुकानात मीटरला सातशे रुपयांची वायर दाखवली. मी इलेक्ट्रिशियनला सांगून चांगल्या कंपनीची अडीच एमएमची तांब्याची वायर आणली, घरात गिझरला वापरतात तीच. फक्त तांबं खरं असू दे. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर मिळते, ती चाकूनं खरवडली की पांढरी दिसते. आणि सुताराला आधीच दम द्या. आमच्यानं टीव्ही युनिटला सुंदर शटर केलं होतं, रिसीव्हर आत बंद. तासाभरात वरचा पत्रा हात लावता येईना. शटर काढून आता माळ्यावर ठेवलंय, सासूबाई अजून हळहळतात.

परवा बाबांच्या मागून पट्टीवरचा आकडा बघितला. पूर्वी ते 68 वर ठेवायचे, आता 51. रिमोट टीपॉयवर, हातात शेंगदाणे. मालिकेतली सून कुजबुजत काहीतरी कट करत होती आणि बाबा तिला मोठ्यानं उत्तर देत होते.

काल लिफ्टमध्ये काकू भेटल्या. "अगं, तो डॉल्बी परत केलास काय?"