आधी शाई उगाळा

चीनमधल्या सुझौला बदली होऊन तीन महिने झाले तेव्हा बायको म्हणाली, "शनिवारी लोळत पडण्यापेक्षा काहीतरी शिका." आणि सोसायटीच्या हॉलमध्ये कुंचल्याने चिनी अक्षरं गिरवायचा वर्ग भरतो, तिथे तिने परस्पर माझं नाव घातलं. माझं मराठी अक्षर मलाच दुसऱ्या दिवशी लागत नाही, हे तिला माहीत आहे. कदाचित म्हणूनच.

वर्गात अकरा पोरं, सगळी दुसरी-तिसरीतली, आणि मी. शेजारची दोन वेण्यांची चिमुरडी माझ्याकडे बघून गोड आवाजात म्हणाली, "शूशू!" मी धडपडत उठून तिला दाराकडे बोट दाखवलं. चिनीत शूशू म्हणजे काका, हे मला मोबाइलमधल्या भाषांतराच्या ॲपने जरा उशिराच सांगितलं.

लाओशी, म्हणजे आमच्या बाई, सत्तरीच्या. त्यांनी पोरांना बाटलीतली तयार शाई दिली. माझ्यासमोर मात्र एक काळा दगड आणि काजळी-सरसाची कांडी ठेवली. मोठ्या माणसाचं मन बाटलीतल्या शाईने थाऱ्यावर येत नाही म्हणे. दगड म्हणजे अगदी आपली चंदनाची सहाण. चार थेंब पाणी घालायचं आणि उगाळत राहायचं. मी कामाला लागलो. बाई धावत आल्या. शाई उगाळावी आजाऱ्यासारखी, कुंचला धरावा पैलवानासारखा, अशी तिकडे म्हण आहे. मी पैलवानासारखा पाट्यावर लसणीची चटणी वाटत होतो. तोवर शर्टावर सात ठिपके पडले होते.

मग शरीर. डोकं ताठ, पाठ सरळ, हात ऐसपैस, दोन्ही पावलं जमिनीला टेकलेली. खुर्ची आठ वर्षांच्या पोराच्या मापाची, त्यामुळे माझे गुडघे टेबलाला टेकलेले. "बोटं भरीव, तळवा पोकळ," ॲप म्हणालं. मुठीत अंडं आहे असं समजून कुंचला धरायचा. शिवाय मोठं अक्षर काढताना कोपर टेबलाला लावायचं नाही. वीस वर्षं डोंबिवली लोकलमध्ये कडी धरून काढलेल्या माणसाला हात वर ठेवण्याचं काय कौतुक, असं वाटलं होतं. पण लोकलमध्ये आपण कडीला लटकतो, इथे हवेला लटकायचं. चौथ्या मिनिटाला खांदा बोलायला लागला, सहाव्याला अंडं फुटलं. (कुंचला 'लांडग्याच्या केसांचा' म्हणून आदराने धरला होता, तो प्रत्यक्षात मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका बारक्या प्राण्याच्या शेपटीचा असतो.)

सगळ्यात अवघड ते मन. हान राजघराण्याच्या काळातल्या त्साय युंग या पंडिताच्या नावावर एक उपदेश आहे: लिहिण्याआधी मन मोकळं करा, कामाच्या घाईत असाल तर उत्तमातला सशाच्या केसांचा कुंचलाही उपयोगाचा नाही. गप्प बसा, श्वास आवरा, सम्राटापुढे बसल्यासारखे बसा. मी बसलो. मन मोकळं करणं म्हणजे माळा आवरण्यासारखं. जी वस्तू फेकायला काढावी तीच आपण उलटसुलट बघत बसतो. सोमवारचं ऑडिट, आईचं लाइट बिल, आणि लग्नात कोणीतरी नेलेला आणि परत न आणलेला आमचा स्टीलचा पिंप.

बाईंनी धीर दिला. कुंचल्याच्या अक्षरांचे थोर उस्ताद वांग शीझी इ.स. ३५३ मध्ये शाओशिंगजवळ ओढ्याकाठी मित्रांबरोबर मद्य घेत बसले असताना त्यांनी तिथे झालेल्या कवितांना ३२४ अक्षरांची एक प्रस्तावना लिहिली. शुद्धीवर आल्यावर पुन्हा लिहून पाहिली, पण पहिलीची सर काही आली नाही म्हणतात. तशी तयारी आपल्याला शनिवारी करता येईल का, असं मी ॲपमार्फत विचारलं. ॲप चाललं नाही असं बाईंनी दाखवलं.

वांग शीझींच्या मुलाची गोष्ट मात्र बाईंनी रंगवून सांगितली. पोरगा लिहायला बसला की वडील येऊन न्याहाळायचे. एकदा त्याने काढलेल्या 'मोठा' या अक्षराखाली त्यांनी गुपचूप एक टिंब दिलं आणि त्याचं 'अतिशय' झालं. पोरगा तो कागद घेऊन आईकडे गेला. आई बराच वेळ बघून म्हणाली, हे टिंब तेवढं वडिलांसारखं आलंय. अकरा पोरं खिदळली. बारावा शाई उगाळत होता.

प्रस्तावनेचं पहिलं अक्षर 'योंग', म्हणजे चिरकाल. त्याच्यात आठ प्रकारचे फटकारे येतात, म्हणून गिरवणं त्याच्यापासून. पहिला फटकारा टिंबाचा. एक तास झाला होता. शाई दाट, पाठ सरळ, अंडं शाबूत, समोर सम्राट. पिंपसुद्धा विसरलो होतो. कोपर उचललं, आणि खिशातला मोबाइल थरथरला. कुटुंबाच्या ग्रुपवर मावशीचा 'शुभ सकाळ'. कुंचल्याच्या टोकावरून एक थेंब सुटला आणि कागदावर पडला.

आता कागद वाया कशाला घालवा, म्हणून त्या थेंबाखाली उरलेले सात फटकारे कसेबसे उभे केले.

बाई लाल शाईचा कुंचला घेऊन आल्या. जे चांगलं येतं त्याभोवती त्या गोल करतात. चष्मा वर-खाली करून त्यांनी माझं 'चिरकाल' पाहिलं, मान हलवली, आणि थेंबाभोवती एक सुरेख लाल गोल काढला.

"शूशू!" वेण्यांवाली टाळ्या वाजवत म्हणाली.